आप्पा, बाग तारण ठेवू नका

गॉटिंगेन, जर्मनी
12 ऑक्टोबर 2025

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणता आणि फोन आईकडे देता, म्हणून लिहून पाठवतेय. संग्रामने काल सगळं सांगितलं. कुणी एजंट त्याला परदेशात पीएचडीला लावून देतो म्हणतोय, अडीच लाख मागतोय, आणि तुम्ही ओढ्याकडची बाग तारण ठेवायला निघालाय. आप्पा, ठेवू नका.

पीएचडी म्हणजे डोनेशन भरून मिळणारी सीट नाही. जर्मनीत ती बहुतेक वेळा नोकरीच असते. माझ्या करारावर 'ई 13, 65 टक्के' असं लिहिलंय, म्हणजे सरकारी वेतनश्रेणी तेरावी आणि पगार 65 टक्के वेळेचा. काम मात्र शंभर टक्के, पण ते असो. कर, आरोग्यविमा, पेन्शन कापून हातात दोन हजार युरोच्या आसपास पडतात. ट्यूशन फी नाही. दर सहा महिन्यांनी काहीशे युरो विद्यापीठाला द्यायचे, त्यातच बस-रेल्वेचा पास निघतो. वाडीवरच्या त्या मुलाच्या वडिलांनी कर्ज काढलं हे तुमच्या डोक्यात बसलंय. तो मास्टर्सला आलाय. तशा मुलांना पगाराचा करार नसतो, म्हणून व्हिसासाठी वर्षाचे 11,904 युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात. संग्रामचं तसं नाही. राहुरीची एमएस्सी मेमध्ये हातात पडली की तो थेट पीएचडीच्या जागांसाठी अर्ज करू शकतो.

मग एजंट करणार काय? दीडशे प्राध्यापकांना एकच ईमेल धाडणार. हे मला ठाऊक आहे, कारण पहिल्या वर्षी मी स्वतः तेच केलं होतं. सगळ्यांना 'रिस्पेक्टेड सर'. त्यातल्या कितीतरी बायका होत्या! एकाचंही उत्तर आलं नाही.

आता एक कबुली देते, आईला तुम्हीच सांगा. 2021च्या दिवाळीनंतर बेदाण्याच्या पैशांतून लॅपटॉपसाठी म्हणून मी चाळीस हजार घेतले होते. लॅपटॉप घेतलाच नाही, मैत्रिणीचा जुना वापरला. ते पैसे अमेरिकेतल्या पाच विद्यापीठांच्या अर्जांत गेले. तिकडे अर्ज विद्यापीठाकडे करायचा, डिसेंबरच्या आत, आणि एकेका अर्जाची फी शंभर डॉलरच्या आगेमागे. पाचही ठिकाणांहून नकार आला. शेवटचा आला तेव्हा एप्रिलची खरड छाटणी चालू होती, आणि डोळ्यात कचरा गेला असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही पदराने फुंकर घालायला आईला हाक मारलीत.

त्या पावसाळ्यात मी बागेत बसून दुसऱ्या तऱ्हेचं ईमेल लिहिलं. एकाच प्राध्यापक बाईंना, त्यांचे तीन शोधनिबंध वाचून. त्यात लिहिलं की आमची द्राक्षबाग आहे, डावणी हा बुरशीचा रोग आला की वडील आधी पान उलटं करून बघतात, आणि पांढरी बुरशी दिसायच्या आधीच वरच्या तेलकट डागावरून ओळखतात. तुमच्या अमुक निबंधातल्या तापमानाच्या आकड्यांत आमच्या बागेतलं काय बसत नाही, तेही लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं. मुलाखतीत त्यांचा पहिला प्रश्न माझ्या मार्कांबद्दल नव्हता. 'तुझे वडील बोर्डो कधी मारतात?' हा होता.

बोर्डोवरून आठवलं, तुम्हाला आवडेल. फ्रान्समध्ये रस्त्याकडेची द्राक्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांनी खाऊ नयेत म्हणून शेतकरी वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे. तेवढ्याच वेली डावणीतून वाचतात हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाने हेरलं आणि 1885 मध्ये ते औषध जगापुढे मांडलं. म्हणजे तुमच्या पंपातलं मिश्रण मुळात चोरांसाठी होतं.

इथे मार्गदर्शकाला 'डॉक्टरफाटर' म्हणतात, बाई असतील तर 'डॉक्टरमुटर', म्हणजे डॉक्टरेटचे बाप नि आई. तीन-चार वर्षं त्यांच्याच हाताखाली काढायची असतात. म्हणून संग्रामने आधी माणूस शोधावा, विद्यापीठाचं नाव नंतर. जागांच्या जाहिराती विद्यापीठांच्या आणि माक्स प्लांक नावाच्या इथल्या संशोधन संस्थांच्या संकेतस्थळांवर नोकरीच्या जाहिरातींसारख्याच येतात, वर्षभर. अर्जाला बहुतेक ठिकाणी फी नसते.

त्याची खरी अडचण शिफारसपत्रांची होणार. आपल्याकडे सर म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' मग तिन्ही पत्रांत 'हुशार, होतकरू आणि कष्टाळू विद्यार्थी' हेच येतं, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. त्याला सांगा, सरांसमोर बसून प्रयोगशाळेतला एखादा बिघडलेला प्रयोग आठवून द्यायचा, तो कसा सावरला ते सरांनी लिहावं. आणि पत्र सरांच्याच विद्यापीठाच्या ईमेलवरून जायला हवं.

दुसरं म्हणजे नाव. गुणपत्रिकेवर आधी आडनाव, पासपोर्टवर वेगळा क्रम. माझं असं झालं की विद्यापीठाच्या संगणकात माझं आडनाव म्हणून तुमचं नाव पडलं, आणि सहा महिने मला टपाल 'श्रीमती आनंदराव' म्हणून येत होतं! अजून एका फाईलमध्ये ते तसंच आहे, मी मुद्दाम बदललेलं नाही. पण संग्रामचा पासपोर्ट अजून काढलाच नाहीये, तेव्हा स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटशी जुळवूनच काढा.

अमेरिकेचा हट्ट त्याने यंदा धरू नये. तिथे संशोधनाच्या पैशांना कात्री लागलीय, काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागाच कमी केल्यात. तिथलं शिक्षण वाईट म्हणून नाही, उलट तिथे निवड झाली तर फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळतं. पण आपल्या खिशातून पाच-पाच अर्ज भरण्याचं हे वर्ष नव्हे.

नकार येतील, आणि बरेचदा उत्तरच येणार नाही. घरात त्या दिवशी कुणी त्याला काही विचारू नका. जेवायला वाढा.

आईला सांगा, इथल्या चौकात हंस धरलेल्या एका पोरीचा पुतळा आहे. डॉक्टरेट झाली की कारंज्यावर चढून तिचा मुका घ्यायचा. 1926 मध्ये त्यावर बंदी घातली होती, कुणी मानली नाही. माझी पाळी अजून दीड वर्षाने.

26 तारखेपासून इथली घड्याळं एक तास मागे जातील, मग आपल्यात साडेचार तासांचा फरक. रविवारी रात्री आठला तुमच्याकडून फोन आला तर मी जेवून मोकळी असेन. त्या एजंटाला तोवर सही देऊ नका. आणि ऑक्टोबर छाटणीनंतर पहिली पानं फुटली की खालून-वरून दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, बाई विचारत होत्या.

तुमची,
शुभदा