कॉलिन्स संस्थापक नव्हते

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘जेनेसिस’ या इंग्लिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडवर आलेला लेख आवडीने वाचला. मराठी पुरवणीत या संगीताला पानभर जागा मिळते याचे समाधान आहेच, परंतु लेखात फिल कॉलिन्स यांना बँडचे संस्थापक म्हटले आहे, ते बरोबर नाही. कॉलिन्स हे या बँडचे चौथे ड्रमवादक. नाशिकच्या ढोल पथकात अनेक वर्षे ताशा वाजवल्यामुळे असेल, पण वादक कोण आणि कधी आला हा तपशील मला किरकोळ वाटत नाही. ताशेवाला बदलला की ढोल तेच राहूनही पथकाची चाल बदलते.

हा बँड १९६७ मध्ये सरे परगण्यातील चार्टरहाउस या निवासी शाळेतल्या मुलांनी उभा केला. टोनी बँक्स, गायक पीटर गॅब्रिएल आणि ड्रमवादक ख्रिस स्ट्युअर्ट हे शाळेतल्या एका बँडमधले, तर माइक रदरफर्ड आणि अँथनी फिलिप्स दुसऱ्या बँडमधले. स्ट्युअर्ट यांना १९६८ मध्ये वगळण्यात आले. त्यांच्या जागी आलेले जॉन सिल्व्हर १९६९ च्या पहिल्या अल्बमनंतर शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. तिसरे जॉन मेह्यू. ते सुतारकामही करत. १९७० च्या ‘ट्रेसपास’ या अल्बमवर त्यांचे वादन आहे.

खरा पेच त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आला. प्रकृतीच्या तक्रारी आणि रंगमंचावर जाण्याची भीती यांमुळे गिटारवादक फिलिप्स बाहेर पडले आणि बँड मोडण्याच्या बेतात आला. मात्र लेखात त्यांचे नावही नाही, याचे मला आश्चर्य वाटले, कारण सुरुवातीच्या रचनांमधील बारा तारांच्या गिटारचा नाद बराचसा त्यांचा आहे. बँक्स, गॅब्रिएल आणि रदरफर्ड या तिघांनी पुढे जायचे ठरवले, मेह्यू यांना निरोप दिला आणि ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकात जाहिरात दिली. निवडचाचणी गॅब्रिएल यांच्या आईवडिलांच्या घरी होती. एकोणीस वर्षांचे कॉलिन्स वेळेआधी पोहोचले, तेव्हा त्यांना तोवर घरच्या जलतरण तलावात पोहून घ्यायला सांगण्यात आले. पोहता पोहता त्यांनी आधीच्या उमेदवारांचे वादन ऐकले आणि स्वतःची पाळी येईपर्यंत त्या रचना त्यांच्या डोक्यात बसल्या होत्या. आमच्याकडेही हुशार नवखा सरावाला येतो तो पहिले दोन दिवस हाताची घडी घालून नुसता ऐकत उभा राहतो.

१९७१ च्या आरंभी गिटारवादक स्टीव्ह हॅकेट आले आणि पाच जणांचा तो प्रसिद्ध संच पूर्ण झाला. त्याच वर्षीच्या ‘नर्सरी क्राइम’ या अल्बममधील एक छोटे गीत कॉलिन्स यांनीच गायले आहे. त्यामुळे १९७५ मध्ये गॅब्रिएल गेल्यावर ‘ड्रमवादक अचानक गायक झाला’ हे लेखातील विधानही तपासून घ्यावे लागेल. अनेक गायकांची चाचणी घेऊन झाल्यावर ती जबाबदारी त्यांच्याकडे आली, हे खरे. परंतु त्यांचा आवाज बँडला तोवर चांगला परिचयाचा होता.

पुढील रविवारी दुरुस्ती छापणार असाल, तर तीत स्ट्युअर्ट, सिल्व्हर आणि मेह्यू ही तिन्ही नावे यावीत, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक
पंचवटी, नाशिक