वळणाबाहेर नांगराचं एक तास

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात मोटार शर्यतींबद्दल एक पत्र आलं होतं. लांब पल्ल्याच्या शर्यतींत चालक सर्रास ट्रॅकची हद्द ओलांडतात, तेव्हा सिमेंटच्या भिंती वळणाला खेटून उभ्या करा, म्हणजे आपोआप शिस्त लागेल, असं पत्रलेखकांचं म्हणणं. त्यांची चीड मला पटली. उपाय मात्र मुळीच पटला नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. नाशिकच्या आसपास ऑटोक्रॉस, म्हणजे मोकळ्या माळावरची मोटार शर्यत, असला की वळणावर झेंडा घेऊन मार्शल म्हणून उभा राहतो. जूनमध्ये फ्रान्समधल्या ल मान्सची २४ तासांची शर्यत आपल्याकडच्या वेळेनुसार शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होते, तेव्हापासून रविवारी साडेसातपर्यंत माझी झोप अशी होतच नाही.

नियम साधा आहे. दोन पांढऱ्या रेघा म्हणजे ट्रॅक. रेघा ट्रॅकमध्ये धरतात, त्यांच्या बाहेरचे लाल-पांढरे कर्ब, म्हणजे कडेचे उंचवटे, धरत नाहीत. एक चाक रेघेवर असलं तरी चालतं, चारही बाहेर गेली की हद्द ओलांडली. चालक बाहेर का जातो? वळण जितकं रुंद घ्यावं तितका वेग कमी मोडावा लागतो. २०२४ साली ल मान्सला ३११ फेऱ्या झाल्यावर पहिल्या फेरारीत आणि दुसऱ्या टोयोटात फक्त १४.२२१ सेकंदांचं अंतर होतं. भागाकार करून बघा, एका फेरीमागे सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी. बांध कोरणारा शेजारीसुद्धा दरवर्षी वीतभरच सरकतो, पण वीस वर्षांनी त्याची एक ओळ आपल्या शेतात उभी असते.

जुन्या ट्रॅकवर हा प्रश्न फारसा नव्हता. जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगचा नॉर्डश्लाइफ हा जुना ट्रॅक २०.८३२ किलोमीटरचा, कर्ब संपला की गवत आणि गवत संपलं की लोखंडी बॅरिअर. तिथे बाहेर जाण्यात फायदाच नाही. पुढे अनेक ठिकाणी वळणाबाहेर रुंद डांबर टाकलं गेलं, आणि त्यामागचा हेतू चांगलाच होता. डांबरावर ब्रेक लागतात, चाक रुतून गाडी उलटत नाही. पण त्याबरोबर चुकीची किंमतही गेली आणि तिची वसुली कॅमेऱ्यांवर आली. २०२३ च्या ऑस्ट्रियातल्या फॉर्म्युला वन शर्यतीत हद्द ओलांडल्याची बाराशेहून जास्त संशयित प्रकरणं पंचांपुढे आली आणि शर्यत संपल्यावर काही तासांनी आठ चालकांना नव्याने शिक्षा झाल्या. ती शर्यत ७१ फेऱ्यांची आणि गाड्या वीस. ल मान्सला ६२ गाड्या आणि १८६ चालक असतात, रात्र असते, पाऊसही असतो. शिवाय एका गाडीवर तीन चालक आळीपाळीने बसतात. एकाने रेघ ओलांडायची, तो उतरून झोपायला जायचा आणि दंड भरायची वेळ येते तेव्हा स्टिअरिंगवर दुसराच असायचा. हे मला फार खटकतं.

इथलाच एक प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी दिंडोरीकडच्या एका माळावर ऑटोक्रॉस होता. हद्द म्हणून फक्कीची रेघ मारली होती. दहा-बारा गाड्या गेल्या आणि शेवटच्या वळणावर ती रेघ धुळीत मिसळून गेली. दोन मुलांच्या वेळेत अर्ध्या सेकंदाचाही फरक नव्हता. एक म्हणाला, दुसरा आतून कापून गेला. दुसऱ्याने विचारलं, रेघ कुठे आहे ते दाखवा. साक्षीदार मी एकटा, आणि मला खरोखरच खात्री नव्हती. दिवेलागणीपर्यंत निकाल अडला. त्या पोरांची तोंडं मला अजून आठवतात. दोघंही प्रामाणिक होती आणि दोघांनाही वाटत होतं की आपल्यावर अन्याय होतोय.

दुसऱ्या दिवशी ज्यांची ती जमीन होती त्या काकांनी काही न विचारता ट्रॅक्टर आणला आणि फक्कीच्या रेघेबाहेर हातभर अंतर सोडून वळणाच्या कडेने नांगराचं एकच तास ओढलं. वीतभर खोल. मऊ, भुसभुशीत. पहिल्याच गाडीचं मागचं चाक त्यात गेलं, गाडी डगमगली, मातीचा फवारा उडाला, इंजिन दमलं आणि चालक पुन्हा वाटेवर आला. त्याचे दोनेक सेकंद तिथेच गेले. दिवसभर माझ्याकडे एकही तक्रार आली नाही. कारखान्यात आम्ही बोअर, म्हणजे सुट्या भागाचं भोक, तपासतो तो गो–नो गो गेजने. गेजची एक बाजू आत गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. तिथे साहेबांचं मत काय आणि माझं काय, हा प्रश्नच उरत नाही. त्या तासाने तेच काम केलं. ऑस्ट्रियातही पुढच्या वर्षी शेवटच्या दोन वळणांबाहेर खडीची अरुंद पट्टी टाकली आणि तिथली कटकट जवळजवळ मिटली.

आता भिंतीबद्दल. बॅरिअर असतं ते ब्रेक निकामी झालेल्या, टायर फुटलेल्या, भान हरपलेल्या माणसासाठी. लोखंडी पट्टी वाकते, एकमेकांना बांधलेल्या टायरच्या रांगा दबतात आणि धक्का थोडा थोडा करून जिरतो. मागे जागा नसेल तर तो जिरणार कुठे? २०१३ साली ल मान्सला शर्यत सुरू होऊन दहा मिनिटंच झाली होती, तेव्हा तेर्त्र रूजच्या वळणातून बाहेर पडताना ॲलन सिमनसनची ॲस्टन मार्टिन बॅरिअरवर आदळली. बॅरिअरला लागूनच मागे झाड होतं. ३४ वर्षांचा तो चालक त्यात गेला. चूक करणाऱ्याचा वेळ जावा, जीव जाऊ नये, इतकं तरी आपण मान्य करू.

उंच कर्बचंही तेच. २०१९ मध्ये इटलीतल्या मोंझाला फॉर्म्युला थ्रीच्या शर्यतीत ॲलेक्स पेरोनीची गाडी सॉसेजसारख्या उंच कर्बवर चढून अक्षरशः हवेत उडाली आणि त्याचा मणका मोडला. लांब पल्ल्याच्या शर्यतीत खरं तर साधा चपटा, खडबडीत कर्बही पुरेसा धडा देतो. तोच कर्ब रात्रभर तुडवला तर पहाटे गाडीचे धक्के झेलणारे डँपर आणि खालचा फ्लोअर हिशोब मागतात. मुरलेले चालक म्हणूनच त्यापासून लांब राहतात.

खडीचे तोटे मी लपवत नाही. तिचे दगड ट्रॅकवर येतात आणि मागच्याचा टायर फाटतो. गाडी रुतली तर ओढायला वाहन न्यावं लागतं. ल मान्सला अशा वेळी तेवढ्या भागापुरता ताशी ८० किलोमीटरचा स्लो झोन लावतात आणि सगळ्यांचीच गणितं बदलतात. म्हणून पट्टी अरुंद आणि उथळ हवी, तिच्यापलीकडे डांबर हवं आणि बॅरिअर त्याच्याही पलीकडे. २०२२ मध्ये बेल्जियममधल्या स्पाला मोटारसायकलींची २४ तासांची शर्यत परत आणायची म्हणून अनेक वळणांबाहेर पुन्हा खडी टाकली गेली. मोटारींच्या चालकांनाही तिथे रेघेचा मान ठेवणं भाग पडलं.

आपल्या भागात अलीकडे एका स्पर्धेत ‘मुलं वळण कापतात’ म्हणून आयोजकांनी वळणाच्या कडेला सिमेंटचे ठोकळे मांडले होते. मी हात जोडून ते काढायला सांगितलं, कोणी ऐकलं नाही. तिसऱ्या फेरीत एका मुलाच्या गाडीचं पुढचं चाक ठोकळ्यावर बसलं आणि त्याचं मनगट मोडलं. अशा स्पर्धांना परवानगी देताना हद्द कशाने आखली आहे आणि तिच्यापलीकडे किती मोकळी जागा आहे, एवढे दोन प्रश्न तरी विचारले जावेत. आपल्या क्रीडा प्रतिनिधींनीही नुसता निकाल न देता तेवढं पाहून लिहावं, ही विनंती.

पत्रलेखकांनाही माझं आग्रहाचं निमंत्रण आहे. पावसाळा सरला की आमचा पुढचा ऑटोक्रॉस असेल. ट्रॅक्टरवाल्या काकांना मी आताच सांगून ठेवलं आहे. पत्रलेखकांनी शेवटच्या वळणावर माझ्याशेजारी उभं राहावं, दुसरा झेंडा मी त्यांच्यासाठी घेऊन येईन.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक