तक्रार: आमची मराठी पानं परत द्या, डेटाचा ताबा द्या, पुढचं बिल पाठवू नका

प्रति,
व्यवस्थापन, वाशी कार्यालय

आज दुपारच्या फोननंतर हे पत्र लिहितो आहे. तुमच्या अकाउंट मॅनेजरने "मी वर बोलून बघतो, सर" म्हणून फोन ठेवला. आधीच्या फोनलाही हेच, त्याच्या आधीच्या फोनलाही हेच. वर म्हणजे तुम्ही. तेव्हा आता मधल्या माणसाशिवाय सांगतो.

एसईओ, म्हणजे गुगलच्या निकालांत साइट वर आणायचं काम, तुम्हाला समजावण्याची गरज नाही, तोच तुमचा धंदा आहे. आमचा धंदा काय होता आणि तुम्ही त्याचं काय केलंत, तेवढं लिहितो.

नौपाड्यातल्या दोन खोल्यांच्या क्लासमधून आम्ही २०२० च्या लॉकडाउनमध्ये ऑनलाइन आलो. दहावी-बारावी राज्य मंडळ आणि एमएचटी-सीईटी. मुलं मराठी आणि सेमी-इंग्रजी माध्यमाची. जाहिरातींवर ओतायला मोठ्या कंपन्यांसारखा पैसा नव्हता. म्हणून आमच्या गणिताच्या मॅडमनी फळ्यावर सोडवलेली उदाहरणं मराठीत, पायरी न गाळता लिहायला घेतली. गणित भाग १ मधली 'दोन चलांतील रेषीय समीकरणे', भाग २ मधली 'समरूपता'. एका उदाहरणाला एक पान, आणि मुलं नेमकी जिथे चुकतात ती जागा वेगळ्या चौकटीत. विज्ञानाच्या सरांनी त्यात 'गुरुत्वाकर्षण' आणि पुढचे धडे घातले. मुलं गुगलवर अडलेलं उदाहरण शोधायची, आमच्या पानावर यायची, तिथून मोफत तासाला बसायची, आणि त्यातली काही वर्षाच्या कोर्सला प्रवेश घ्यायची. आमचे बहुतेक प्रवेश याच वाटेने होत होते. हे सगळं पहिल्या बैठकीत तुमच्या टीमला सांगितलं होतं. त्यांनी ते लिहूनही घेतलं होतं.

आणि मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही साइट हलवलीत, म्हणजे जुनी काढून नवी साइट चढवलीत. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. डिसेंबर ते फेब्रुवारी हाच आमचा हंगाम. उन्हाळ्यापर्यंत थांबा असं आम्ही ईमेलवर लिहिलं होतं, तो ईमेल माझ्याकडे आहे. उत्तर आलं, "काही फरक पडणार नाही, सर."

तुमच्या टीमने प्रत्येक पानाचा पत्ता बदलला. त्यालाही आमची हरकत नव्हती. पण पत्ता बदलला की जुन्या पत्त्यावरून त्याच मजकुराच्या नव्या पानावर ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी कायमची सोय, लावायचा असतो, पानागणिक, यादी करून. तुम्ही आमचे सगळे जुने पत्ते होमपेजवर वळवले. 'समरूपता, सरावसंच १.२' शोधत आलेला मुलगा कोर्सच्या जाहिरातीसमोर उभा राहतो, बघतो, निघून जातो. आणि असे ढीगभर जुने पत्ते एकाच होमपेजवर नेले तर गुगल ते सॉफ्ट ४०४ धरू शकतं, म्हणजे ते पान आता नाहीच असं मानतं. साइट हलवण्याबद्दलच्या गुगलच्या स्वतःच्या मार्गदर्शनात हे करू नका असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आम्ही शिकवणारी माणसं, आम्ही ते एका संध्याकाळी शोधून वाचलं. तुम्ही त्याचे महिन्याला पैसे घेता.

बरीच पानं तर नव्या साइटवर चढवलीच नाहीत. 'लो व्हॅल्यू' असा शिक्का मारून काढून टाकली. शिक्का मारणाऱ्याला मराठी वाचता येत होतं का, हा प्रश्न मी तीनदा लेखी विचारला. उत्तर नाही.

त्यांच्या जागी काय आलं? 'ऐरोलीतला सर्वोत्तम सीईटी क्लास', 'घणसोलीतला सर्वोत्तम सीईटी क्लास', 'कळव्यातला सर्वोत्तम सीईटी क्लास'. मजकूर तोच, स्टेशनचं नाव फक्त बदललेलं. आमचा ऐरोलीत क्लास नाही, घणसोलीत नाही, कळव्यात नाही. आम्ही ऑनलाइन शिकवतो! गुगलच्या स्पॅम धोरणात अशा, फक्त शोधातून माणूस ओढण्यासाठी केलेल्या पानांना डोअरवे म्हणतात. शिवाय मार्च २०२४ मध्ये गुगलने, केवळ रँकिंगसाठी घाऊक पानं पाडण्याविरुद्ध वेगळं कलम घातलं, मग ती माणसाने लिहिलेली असोत की मशिनने. हे तुम्हाला माहीत नव्हतं असं तुम्ही म्हणू शकत नाही.

त्यातल्या एका पानावर छापलंय की एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. कापले जात नाहीत. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, गणिताचा प्रश्न दोन गुणांचा, भौतिक आणि रसायनशास्त्राचा एक गुणाचा. आमच्याकडे पहिल्याच तासाला मुलांना सांगतात की वेळ संपत आली तर उरलेला एकही प्रश्न कोरा सोडू नका. घणसोलीच्या एका आईने ते पान वाचून फोन केला. मुलीने सराव परीक्षेत येत नसलेले प्रश्न कोरे सोडायला सुरुवात केली होती, आणि कारण काय, तर "तुमच्याच साइटवर लिहिलंय." मला त्या बाईंची माफी मागावी लागली, आमच्या नावाखाली तुम्ही छापलेल्या चुकीबद्दल. पान काढा म्हणून मी त्याच दिवशी कळवलं. ते काढायला तुम्हाला पुढचा महिना उजाडला.

लिंकांबद्दल फार लिहीत नाही. बेटिंगच्या आणि केस वाढवायच्या तेलाच्या साइटवरून आमच्याकडे लिंक आणून ठेवल्यात आणि रिपोर्टमध्ये त्याला 'ऑथॉरिटी बिल्डिंग' नाव दिलंत. अशा बनावट लिंकांना आळा घालणारा गुगलचा पेंग्विन अपडेट एप्रिल २०१२ मध्ये आला. एवढ्या वर्षांनंतर हे काम कोणी पैसे घेऊन करतं यावर आमचा विश्वास बसला नाही.

रिपोर्टमध्ये दर महिन्याला 'इम्प्रेशन वाढले' असं हिरव्या बाणासह येतं. इम्प्रेशन म्हणजे निकालांच्या यादीत कुठेतरी आपलं नाव आलं. त्याने आमच्याकडे मूल येत नाही. आणि क्लिक म्हणून जे दाखवता, त्यातले बहुतेक आमच्या क्लासचं नाव टाइप करून आलेल्यांचे आहेत. आमचं नाव ज्याला आधीपासून ठाऊक आहे, तो तुमच्यामुळे आला नाही. नावाच्या क्लिक वगळून रिपोर्ट द्या असं मी सांगत राहिलो. एकदाही दिला नाहीत.

सर्च कन्सोल, म्हणजे गुगलवर काय शोधून लोक साइटवर आले ते दाखवणारं गुगलचं साधन, तुम्ही तुमच्या जीमेलवर उघडलं होतं. साइटवर आलेल्यांची मोजणी ठेवणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये आम्हाला फक्त 'व्ह्यूअर', म्हणजे नुसतं बघणारे, ठेवलंत. साइट आमची, मुलं आमची आणि डेटा तुमच्या कुलपात. मागितलं तर "पॉलिसी नाही, सर." शेवटी डोमेन आमच्या नावावर आहे म्हणून डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींत, टीएक्सटी रेकॉर्ड टाकून सर्च कन्सोलची मालकी आम्हीच सिद्ध केली. मागच्या सोळा महिन्यांचा आलेख समोर आला, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये जे कधी दिसलं नाही ते दिसलं. साइट हलवली त्याच आठवड्यात रेघ खाली गेली आणि जानेवारीत निम्म्याच्याही खाली पोचली.

तुमचं म्हणणं, गुगलचा कोअर अपडेट, म्हणजे निकाल लावायच्या पद्धतीतला मोठा बदल, आला होता. आला होता, नाकारत नाही. पण तो सुरू झाला डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि आमची घसरण त्याच्या आधी सुरू झाली आहे. मग म्हणालात, एआय ओव्हरव्ह्यूमुळे, म्हणजे निकालांच्या वरच गुगल देतं त्या तयार उत्तरामुळे, सगळ्यांचेच क्लिक कमी झालेत. ते भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये आलं, तेव्हापासून डिसेंबरपर्यंत आमची गणिताची पानं व्यवस्थित चालली होती. आणि याहून ठोस पुरावा हवा असेल तर तोही आहे. आमची रसायनशास्त्राची पानं वेगळ्या सबडोमेनवर, म्हणजे आमच्याच डोमेनच्या स्वतंत्र पत्त्यावर, आहेत. साइट हलवताना तुमच्या टीमने त्यांना हात लावला नाही. तोच कोअर अपडेट, तेच एआय ओव्हरव्ह्यू, तेच गुगल आणि तीच मुलं. त्या पानांचे क्लिक या जानेवारीत मागच्या जानेवारीपेक्षा थोडे जास्तच आहेत. ज्याला हात लावला नाही ते उभं राहिलं, ज्याला लावलात ते पडलं. याच्यावर तुमच्याकडून मला आजवर एक वाक्य मिळालेलं नाही.

आता आजचा फोन. तो स्पीकरवर होता आणि खोलीत गणिताच्या मॅडम बसल्या होत्या, हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. मी विचारलं, काढलेली पानं परत कधी येणार? तुमचे मॅनेजर म्हणाले, "सर, त्या कीवर्डना व्हॉल्यूम नाही. टूल झीरो दाखवतंय." म्हणजे ते शब्द कोणी शोधतच नाही. मी म्हटलं, सर्च कन्सोल माझ्यासमोर उघडं आहे, याच पानांवर गेल्या वर्षी जानेवारीत सगळ्यात जास्त क्लिक आहेत. "ते लाँग टेल आहे, सर." म्हणजे क्वचित होणारे शोध. मी समजावलं की आमची मुलं देवनागरीत शोधतात, रोमन अक्षरांत मराठी शोधतात, बोलून शोधतात. 'समीकरण' हा एक शब्द रोमनमध्ये दहा जण दहा तऱ्हांनी लिहितात. टूल त्या प्रत्येकाला वेगळं मोजतं आणि प्रत्येकासमोर शून्य लिहितं. अगदी क्वचित येणारे शोध तर सर्च कन्सोलही नावानिशी दाखवत नाही. पण त्या प्रत्येक शोधामागे उद्या पेपर असलेलं एक मूल आहे.

हे सगळं बोलून झाल्यावर तुमचा माणूस शांतपणे म्हणाला, "सर, मराठीत सर्च करणारी ऑडियन्स कन्व्हर्ट होत नाही. ती फुकट नोट्सवाली पब्लिक आहे. मॅडमना सांगा, इंग्लिशमध्ये लिहा. नाही जमलं तर आमच्याकडून एक रायटर देतो."

मॅडम म्हणाल्या, "मी इथेच आहे."

पलीकडे दोन क्षण काही नाही. मग, "मॅडम, पर्सनली घेऊ नका."

तेवीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंनी रात्री अकराला तास संपल्यावर बसून लिहिलेली ती पानं आहेत. त्यांनी वैयक्तिक घ्यायचं नाही, तर कोणी घ्यायचं? आणि ती 'फुकट नोट्सवाली पब्लिक' कोण, तेही ऐका. शहापूर, मुरबाडकडची मुलं आहेत. त्यांच्या गावात क्लास नाही. घरात एक मोबाइल, तोही वडील कामावरून आल्यावर हातात पडतो. त्यातली जी फी भरतात ती आमच्या फीवर भरवसा ठेवून भरतात, कारण आधी त्यांनी आमचं फुकटचं पान वाचून गणित सोडवलेलं असतं. जी भरू शकत नाहीत, तीही आमचीच मुलं आहेत. तुमच्या कंपनीचा माणूस त्यांना असं म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचा आवाजही बदलला नाही.

आम्ही तुमच्याकडे का आलो होतो, हे तुमच्या संस्थापकांनी आठवावं. वाशीच्या पहिल्या बैठकीत ते स्वतः म्हणाले होते की मराठी शिक्षणासाठी काम करायची संधी आम्ही शोधत होतो. मुंबईतल्या मोठ्या एजन्सीचा कमी दराचा प्रस्ताव बाजूला ठेवून त्या वाक्यावर आम्ही सही केली. करारात 'पहिल्या पानाची हमी' लिहून दिलीत. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः एसईओवाला नेमणाऱ्यांना बजावतं. पण हमीचं जाऊ द्या. जिथे आमचं पान आधीच होतं, ते तरी तुम्हाला जागेवर ठेवता आलं असतं.

आम्हाला हवं ते असं. जुन्या साइटचा डेटाबेससकट पूर्ण बॅकअप, काढलेल्या पानांसह. जुन्या आणि नव्या पत्त्यांची जोडी लावलेली यादी, आणि त्याप्रमाणे दुरुस्त केलेले रीडायरेक्ट. गावांच्या नावांची उरलेली सगळी पानं काढलेली. कुठून कुठून लिंक आणल्या त्याची यादी, म्हणजे आम्हाला त्या काढून टाकायला सांगता येतील. ॲनालिटिक्सचे ॲडमिनिस्ट्रेटर अधिकार, जे मी पुन्हा पुन्हा मागितले आणि इथे पुन्हा मागतो आहे, कारण तो डेटा तुमचा नाही. डिसेंबरपासून घेतलेले पैसे परत. आणि मॅडमची लेखी माफी, मॅनेजरच्या नाही, व्यवस्थापनाच्या सहीने.

पंधरा दिवसांत बॅकअप आणि अधिकार मिळाले नाहीत तर वकिलामार्फत करारभंगाची नोटीस येईल, सोबत सर्च कन्सोलचे आलेख आणि तुमचे ईमेल जोडलेले असतील. ठाणे आणि नवी मुंबईतले क्लासवाले एकमेकांना ओळखतात, विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच कागद दाखवणार आहे. तुमच्या वेबसाइटवर 'आमचे समाधानी ग्राहक' म्हणून आमचा लोगो आहे, तो आजच काढा.

सीईटी तोंडावर आहे. बॅकअप मोठा असेल आणि ईमेलने जात नसेल तर आमचा माणूस हार्डडिस्क घेऊन ठाण्याहून वाशीला येईल. कधी यायचं, तेवढं उद्या संध्याकाळपर्यंत लेखी कळवा. फोन करू नका.

संचालक
ऑनलाइन शिकवणी वर्ग, नौपाडा, ठाणे (प.)