‘कधी विचारलं’ हा रकाना

सांगली,
मे महिन्याचा शेवटचा रविवार

प्रिय पाटला,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळून आठवडा झाला. हळदीचे सौदे जोरात आहेत, दुकानातून घरी यायला रोज रात्र होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस.

कऱ्हाडच्या आसपासच्या दहा-बारा गावांसाठी पावसाळ्याआधी अन्नाच्या मदतीची तयारी करायची म्हणतोस, ऐकून फार बरं वाटलं. २०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगावला दरडी कोसळल्या तेव्हा तू रात्रभर फोनवर होतास, ते मी विसरलेलो नाही. आता तू विचारतोस की किती पोती धान्य साठवू. ते सांगतोच, पण त्याआधी २०१९ सालची एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर तुलाही नीट सांगितलेली नाही.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४५ फुटांवर गेलं की धोका, हे इथं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं. २००५ च्या पुराची खूण कितीतरी जणांनी घराच्या भिंतीवर जपून ठेवली होती. पाणी याच्यावर काय जातंय, म्हणून माणसं त्या खुणेच्या भरवशावर घरात थांबली आणि अडकली. खूण खरीच होती, पण ती चौदा वर्षांपूर्वीची होती.

विश्रामबागेच्या बाजूला एका मंगल कार्यालयात आम्ही स्वयंपाक सुरू केला होता. अन्नाला तोटा नव्हता, हे मी तुला शपथेवर सांगतो. सोलापूर, बार्शी, पुणे, कुठून कुठून गाड्या आल्या. इस्लामपूरकडचा रस्ता पाण्याखाली, म्हणून सगळी आवक विटा-तासगावमार्गे. तुझे दोन टेम्पोही त्याच वाटेनं आले होते. चपात्यांचे गठ्ठे, शेंगदाण्याची चटणी, बिस्किटांचे खोके, पाण्याच्या बाटल्या. पण गाडी यायची ती रस्त्याला लागून असलेल्या गावात थांबायची. तिथं दिवसात तीन-तीन गाड्या रिकाम्या व्हायच्या आणि आत मळ्यात, वस्तीवर काही पोचायचं नाही. गाडीवाल्यांना तरी काय म्हणणार? ते दीडशे मैलांवरून आलेले. कुणाला मिळालंय आणि कुणाला नाही, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या रात्री मोबाइलवर निरोप फिरत आला. नदीकाठच्या एका गावात शाळेच्या माडीवर तीनशे माणसं दोन दिवस उपाशी आहेत. मी तो वाचला आणि उठलो. बायकांनी पहाटे तीनपासून भाकरी थापल्या. सहाशे भाकरी आणि दोन पातेली पिठलं. बोटवाल्याच्या अक्षरशः पाया पडून त्याला तयार केलं. पोचलो तर माडीवर माणूस नाही. खाली पायरीवर एक म्हातारबुवा आणि त्यांची दोन कुत्री. म्हणाले, “सगळ्यांना परवाच काढलं की हो.” निरोप तीन दिवसांचा जुना होता. परत येईपर्यंत पिठलं आंबलं. संध्याकाळी कळलं की आम्ही ज्या मळ्याला वळसा घालून गेलो, तिथंच चाळीस माणसं पत्र्यावर बसून होती. त्यांच्यात दोन लेकुरवाळ्या. आम्ही त्यांच्या इतक्या जवळून गेलो की हाक ऐकू आली असती, पण बोटीच्या इंजिनाचा आवाज होता.

पाटला, मी दिवाणजी माणूस. सव्वीस वर्षांत तारीख नसलेली पावती मी कधी घेतली नाही. त्या रात्री घेतली. ती चूक माझी, आणि मला ती अजून झोपू देत नाही.

त्याच रात्री दुकानातली लांब वही आणली, लाल कापडी पुठ्ठ्याची, आपण खतावणीला वापरतो तसली. रकाने पाडले. गाव आणि वस्ती. माणसं किती, त्यात तान्ही किती, म्हातारी किती. चूल पेटते का. काय हवं. काय पोचलं. आणि शेवटी दोन रकाने, कोणी सांगितलं आणि कधी विचारलं. शेवटचा रकाना रिकामा असला तर गाडी सोडायची नाही, फोन लावायचा. बारा तासांपेक्षा जुनी नोंद असली तरी पुन्हा फोन. फोन लागला नाही तर पेन्सिलीनं फुली मारायची आणि त्या बाजूला जाणाऱ्या पहिल्या माणसाला ती नोंद चिठ्ठीवर लिहून द्यायची, डोळ्यांनी बघून ये म्हणून.

‘चूल पेटते का’ हा रकाना एका आजींनी सुचवला. आम्ही सगळीकडं तांदूळ-डाळीची पाकिटं वाटत होतो. त्या म्हणाल्या, “लेकरा, जळण भिजलंय, गॅस वाहून गेला, हे तांदूळ मी कशावर शिजवू?” तेव्हापासून चूल पेटत असेल तिथं शिधा आणि नसेल तिथं शिजवलेलं, अशी वाटणी झाली. आणखी एक रकाना नंतर वेगळ्या शाईनं जोडलेला दिसेल, जनावरं. एका वस्तीवरची माणसं बोट दारात येऊनही निघेनात. आम्हाला वाटलं हट्टी आहेत. त्यांच्या माडीवर दोन म्हशी आणि एक वासरू होतं. गोठ्यातला जीव पाण्यात सोडून कोण शेतकरी निघेल? वैरण पोचवली आणि म्हशींना हलवायची सोय होईल म्हणून सांगितलं, तेव्हा बायका-पोरं बोटीत बसली.

वही झाली, पण ती एकट्या आमच्याकडं असून उपयोग नव्हता. तेव्हा गणेश मंडळांची वेगळी यादी, मशिदीतल्या तरुण पोरांची वेगळी, डॉक्टरांची वेगळी. जो तो आपली यादी धरून बसलेला. यात कुणाच्या मनात पाप नव्हतं. गाव आपलं, आपणच पोचवणार, ही माया होती. पण त्या मायेपायी एका गावात चार वेळा खिचडी गेली आणि शेजारच्या गावात एकदाही नाही. मग मी एका जुन्या फ्लेक्सची कोरी बाजू फाटकावर बांधली आणि आमची सगळी यादी मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून टाकली. आमच्या चुकांसकट. पहिल्या दिवशी लोक नुसते वाचून गेले. दुसऱ्या दिवशी मशिदीतल्या एका पोरानं मार्कर मागितला आणि तीन वस्त्या लिहिल्या ज्या आम्हाला माहीतच नव्हत्या. तिथून पुढं रोज संध्याकाळी सात वाजता सगळे त्या फ्लेक्ससमोर उभ्यानं वीस मिनिटं बोलायचे. उद्या कोण कुठं जाणार एवढंच. भाषण कुणी करायचं नाही, हा नियम मी कडक पाळला.

धाकटी लेक पुढं समाजकार्य शिकायला गेली, तिनं मला सांगितलं की जगभर हेच करतात. संयुक्त राष्ट्रांच्या कामात २००५ पासून विषयवार गट केलेत. अन्नाच्या गटाचं काम जागतिक अन्न कार्यक्रम आणि अन्न व कृषी संघटना मिळून बघतात. तिथं आपल्या फ्लेक्ससारखाच तक्ता असतो, कोण काय कुठं करतंय याचा. पण तिनं हैतीचंही सांगितलं. जानेवारी २०१० मध्ये तिथं भूकंप झाला, तेव्हा मदतवाल्यांच्या बैठका विमानतळाजवळच्या बंदिस्त आवारात व्हायच्या, त्याही बहुतेक इंग्रजीत. तिथले लोक बोलणार क्रेओल. ज्यांना गल्ली न् गल्ली ठाऊक, ते फाटकाबाहेर. दुसरीकडं त्याच लोकांनी मोबाइलवरून पाठवलेले निरोप परदेशात राहणारे हैतीचेच लोक भाषांतर करून देत होते, म्हणून कितीतरी ठिकाणं कळली. तेव्हा तुझा तक्ता मराठीत ठेव, मोठ्या अक्षरात ठेव, आणि ग्रामपंचायतीच्या आत नको, पारावर लाव.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगतो. फ्लेक्सवर आकडे लिही, नावं लिहू नकोस. आमच्यातल्या एका उत्साही पोरानं वहीच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, लोकांनी थेट मदत करावी म्हणून. त्यात एका एकट्या बाईंचं नाव, वस्ती आणि मोबाइल नंबर होता. तिला रात्री-अपरात्री परक्या माणसांचे फोन यायला लागले. कुणी मदतीचे, कुणी भलतेच. शेवटी तिनं फोन बंद केला. म्हणजे ज्या नंबरावर आम्ही तिची विचारपूस करणार, तोच तुटला. त्यानंतर नावांचं पान वेगळं केलं आणि ते माझ्या कुलपात ठेवलं. वाटपाचा फोटोही बंद. हात पसरलेला फोटो कुणाला आपल्या लेकरांनी बघावा असं वाटेल?

आता धान्याचा हिशेब. माणशी दिवसाला २,१०० कॅलरी धरतात. त्यासाठी साधारण ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल आणि मीठ, वर थोडा गूळ-शेंगदाणे. पाच माणसांच्या घराला पंधरा दिवसांचे ३० किलो धान्य, साडेचार किलो डाळ आणि दोन किलोच्या आत तेल. पोती कोरड्या माडीवर, लाकडी फळ्यांवर रच, भिंतीपासून हातभर लांब. मधुमेहाची माणसं आणि वरच्या दुधावरची बाळं यांची यादी आजच कर, पुरात ती करायला सवड मिळत नाही. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना विचार, त्यांना घरं पाठ असतात.

परवा हे सगळं आईला सांगत होतो. ती ७२ च्या दुष्काळात आटपाडीकडं खडी फोडायला जायची. मे १९७३ मध्ये राज्यभर जवळपास पन्नास लाख माणसं अशा कामांवर होती. सुकडी म्हणजे कोरडा खाऊ मिळायचा, लाल मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरायची नाही, हे तिनं माझ्या लहानपणी कितीदा सांगितलंय. या वेळी म्हणाली, “हजेरीच्या मस्टरवर नाव चढलं की जीव भांड्यात पडायचा. ज्या दिवशी कारकुनानं माझ्या थोरल्या जावेचं नाव गाळलं, त्या दिवशी ती तिथंच खडीवर बसून रडली.” पन्नास वर्षं झाली, पण आईला ते पान अजून दिसतं. मी वहीत एखादी ओळ लिहितो तेव्हा मला ती जाऊ, म्हणजे माझी मोठी काकू, आठवते.

ती लाल वही एसटीच्या पार्सलनं पाठवतोय. ओली झाल्यानं मधली पानं चिकटलीत, ओढू नकोस. तुझ्या पोरांना रकाने उतरवून घेऊ दे आणि वही परत पाठव.

आणि तुझ्याकडूनही मला एक हवंय. कोयना धरणातून पाणी सोडलं की कऱ्हाडला प्रीतिसंगमावर घाटाची कितवी पायरी कधी बुडते, ते यंदा रोज सकाळ-संध्याकाळ कुणाकडून तरी बघून घे आणि वेळ घालून मला कळव. तुमच्याकडून निघालेलं पाणी आमच्याच दारात येतं. इथं हरिपूर, सांगलवाडीत, डिग्रजच्या बाजूला माझी माणसं ठरलेली आहेत. तुझा निरोप आला की त्यांना लगेच फोन जातील.

वहिनींना नमस्कार, आबांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिवाणजी