थेंबांनी न उतरणारी लाली

संपादक महोदय,

डोळा लाल झाला की औषधाच्या दुकानातून थेंब आणायचे, ही सवय एका आजारात दृष्टीवर बेतते. मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी डोळ्यामागे शिरांच्या एका पोकळीतून जाते. या पोकळीला कॅव्हर्नस सायनस म्हणतात. दुचाकीवरून पडून डोक्याला जबर मार बसला की तिथे धमनी फाटू शकते. मग तिचे जोरकस रक्त थेट शिरांत घुसते आणि डोळ्यातून परतणारे रक्त तुंबते. हाच तो आजार, कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुला. लक्षणे कधी कधी अपघातानंतर काही आठवड्यांनी दिसतात, त्यामुळे अपघाताशी त्यांचा संबंध कुणी लावत नाही. पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये याचा संथ प्रकार मार न लागताही होतो, आणि तोच जास्त फसवा.

डोळे आले असतील तर चिपडे येतात, लाली पसरट असते. इथे चिपडे नसतात. जाड, नागमोडी रक्तवाहिन्या थेट बुबुळाच्या कडेला येऊन भिडतात. डोळा पुढे येतो, एकाचे दोन दिसतात, डोक्यात नाडीच्या ठोक्याबरोबर सूं-सूं आवाज येतो. माझी कळकळीची विनंती आहे, की अशा रुग्णाच्या मिटलेल्या पापणीवर प्रत्येक डॉक्टरने स्टेथोस्कोप ठेवावाच. मिनिटभराचे काम आहे. मात्र संथ प्रकारात आवाज नसतोही. डोळ्याचा दाब मोजावा; स्टेरॉइडच्या थेंबांनी तो आणखी चढू शकतो.

सीटी किंवा एमआरआयमध्ये डोळ्याच्या खोबणीतली वरची शीर फुगलेली दिसते. पक्के निदान डीएसए (रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांची एक्स-रे चित्रे घेण्याच्या) तपासणीने होते, आणि तीत दोन्ही बाजूंच्या धमन्या पाहाव्या लागतात, कारण संथ प्रकारात रक्त पलीकडूनही येते. जांघेतून बारीक नळी नेऊन प्लॅटिनमच्या कॉइलने ही वाट बुजवतात. त्यानंतर सुरुवातीचे काही दिवस सूज वाढू शकते. तिरळेपणा जायला महिने लागतात.

संथ प्रकार काहींत आपोआप बंद होतो. निवडक रुग्णांना डॉक्टर मानेतली धमनी थोडा वेळ दाबायला शिकवतात, तीही विरुद्ध बाजूच्या हाताने: मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडलाच तर तोच हात लुळा पडून आपोआप सुटतो. धमनी अरुंद असलेल्यांनी हे करू नये, आणि इतरांनीही स्वतःच्या मनाने करू नये. रक्त मेंदूच्या शिरांकडे उलटे वळत असेल तर थांबण्यात मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो.

– एक नेत्रतज्ज्ञ