आधी रफ, मग एआय

मा. संपादक,
महोदय,

एआयमुळे चित्रकार आणि डिझायनर यांच्या पोटावर पाय येणार का, याविषयी आपल्या दैनिकात वाचकांची पत्रे प्रसिद्ध होत आहेत. उपयोजित कला शिकवणारी शिक्षिका म्हणून मला त्यांत एक मुद्दा राहून गेल्यासारखा वाटतो. कल्पना सुचण्याच्या कोणत्या टप्प्यावर हे साधन हाती येते, याबद्दल कोणीच फारसे बोलत नाही.

मेलबर्न विद्यापीठातील डिझाइन-संशोधक समांगी वडिनंबिआराच्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात 60 जणांना एका चॅटबॉटचे रूप कसे असावे याच्या कल्पना रेखाटायच्या होत्या आणि नमुन्यादाखल एक चित्र त्यांच्यासमोर ठेवलेले होते. काहींना एआयकडून चित्रे करवून घेता येत होती, काहींना इंटरनेटवर प्रतिमा शोधता येत होत्या, तर काहींना कसलीच मदत नव्हती. कसलीच मदत नसलेल्यांच्या तुलनेत एआय वापरणाऱ्यांना कल्पना कमी सुचल्या, त्यांत वैविध्य आणि नावीन्यही कमी होते, आणि समोरच्या नमुन्याची छाप मात्र त्यांच्या कामावर अधिक उमटली.

एवढ्या एका प्रयोगावरून सरसकट निष्कर्ष काढू नये, हे मान्य. पण समोरच्या नमुन्यात अडकण्याची ही खोड आजच्या एआय साधनांच्या आधीची आहे. जॅन्सन आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत न सांडणारा कॉफीचा कप आखायला दिला होता. नळी वापरायची नाही, अशी स्पष्ट सूचना असूनही, ज्यांना नळी असलेला नमुना दाखवला होता त्यांच्यापैकी अनेकांच्या आराखड्यांत ती नळी उतरलीच. तयार चित्र डोळ्यांत बसले की हात त्याच वळणाने जातो, आणि एआयचे चित्र तर सुबक, रंगीत, पूर्ण झालेलेच समोर येते.

वाचन प्रेरणा दिनाच्या पोस्टरचे काम मी वर्गाला दिले, तेव्हा थेट एआयकडे गेलेल्या जवळपास प्रत्येकाने उघडे पुस्तक, त्यातून फाकणारा सोनेरी प्रकाश आणि वर उडणारे पक्षी आणले. (एका पोस्टरवरील ‘वाचन’ या शब्दातला ‘च’ कोणत्याही लिपीतला नव्हता, ही गंमत वेगळी.) याउलट आधी थंबनेल, म्हणजे कल्पनांची छोटी कच्ची रेखाटने, काढून आलेल्या एका मुलीने गावच्या वाचनालयातल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावरची, तारखांच्या शिक्क्यांनी भरलेली चिठ्ठीच पोस्टरभर मोठी केली. पुढे शिक्क्यांच्या शाईच्या छटा ठरवायला तिनेही एआयच वापरले, आणि तिथे त्याचा उपयोग चांगला झाला.

सर्जनशीलतेला हातभार लावणाऱ्या साधनांचा उंबरठा कमी (सुरुवात सोपी) आणि छत उंच (पुढे जायला भरपूर वाव) असावे, हा एमआयटीतील शिक्षण-संशोधक सीमोर पॅपर्ट यांचा विचार आणि त्याला तिथल्याच मिचेल रेझ्निक यांनी दिलेली ‘रुंद भिंतीं’ची, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या वाटेने जाता येण्याची, जोड या क्षेत्रात वारंवार सांगितली जाते. आजच्या चित्रनिर्मितीच्या साधनांना उंबरठा जवळजवळ नाहीच. भिंती मात्र माझ्या मते फारच जवळ आल्या आहेत, आणि ते घाईत असलेल्या विद्यार्थ्याच्या लक्षातही येत नाही.

म्हणून एआयवर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. बंदी घातली तरी ती पाळली जाणार नाही, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. कला महाविद्यालयांनी गुणांची विभागणी तेवढी बदलावी. आज बहुतेक गुण अंतिम कामाला मिळतात आणि रफची वही शेवटच्या रात्री, काम पूर्ण झाल्यावर, मागून भरली जाते. किमान 15 थंबनेल शिक्षकाने वर्गात पाहून, तारीख घालून सही केल्याशिवाय संगणकावर जाऊ द्यायचे नाही, असा नियम मी माझ्या वर्गापुरता केला आहे. पहिल्या आठवड्यात मुलांनी खूप कुरकुर केली. आठव्या-नवव्या थंबनेलनंतर पक्षी आपोआप गायब होऊ लागले.

आपली विश्वासू,
उपयोजित कलेची एक अध्यापिका, कोल्हापूर