हरलेल्या खेळाडूला काय विचारायचं?

मा. संपादक,

मी स्पोर्ट्स मीडियाचा कोर्स करतेय. आधी वाटायचं मॅच बघायची आणि लिहायचं, यात शिकायचं काय, पण पहिल्यांदा रेडिओ कॉमेंट्रीची प्रॅक्टिस केली तेव्हा दहा मिनिटं बोलले आणि स्कोअर सांगितला एकदाच. सरांनी समोर वाळूचं घड्याळ ठेवलं, म्हणाले अमेरिकेतले बेसबॉल कॉमेंटेटर रेड बार्बर हेच करायचे, वाळू संपली की स्कोअर सांगायचा, कारण ऐकणाऱ्याला मैदान दिसत नसतं.

पण खरं अवघड काम मॅच संपल्यावरचं. खेळाडूचा घामसुद्धा सुकलेला नसतो आणि पहिला प्रश्न काय तर 'कसं वाटतंय?', तेही हरलेल्याला! २०२१ च्या फ्रेंच ओपनमध्ये टेनिसपटू नाओमी ओसाकाने, अशा प्रश्नांचा खेळाडूच्या मनावर ताण येतो म्हणून, प्रेस कॉन्फरन्सला जायचं नाकारलं, १५,००० डॉलर दंड झाला, मग तिने स्पर्धाच सोडली. वर्गात यावर खूप वाद झाला. मला तिचं म्हणणं पटतं, पण म्हणून प्रश्नच बंद करा हे नाही पटत. 'दुसऱ्या सेटमध्ये सर्व्हिस का बदललीस?' असं नेमकं विचारलं की हरलेली मुलगी पण मोकळी बोलते, कॉलेजच्या मॅचला मी स्वतः बघितलंय. तुमच्या क्रीडा पानावर असे प्रश्न जास्त दिसू देत ना, प्लीज.

— एक विद्यार्थिनी